गाळणकागदावरचा बॉम्ब

16 ऑक्टोबर 1964 रोजी चीनने लोप नूरच्या वाळवंटात आपला पहिला अणुबॉम्ब उडवला. तिथून नागपूरजवळचं कामठी सरळ रेषेत चोवीसशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधे तिबेटचं पठार, हिमालय आणि गंगेचं मैदान. नकाशा पाहून कुणालाही वाटेल, की या स्फोटाची धूळ आलीच तर उत्तरेकडून दोन-चार दिवसांत येईल, नाहीतर हिमालय तिला अडवेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. त्या अक्षांशांवर वरच्या हवेतले वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून लोप नूरची बहुतांश धूळ आधी जपानवरून जाते, प्रशांत महासागर ओलांडते, अमेरिका, अटलांटिक, युरोप असा फेरा मारते आणि दोन-तीन आठवड्यांनी पश्चिमेच्या बाजूनं आपल्याकडे पोचते. वाटेत ती विरळ होत जाते, काही पावसाबरोबर खाली उतरते, पण नाहीशी होत नाही.

ती नाहीशी होत नाही हे मोजून सांगणारी माणसं नागपुरातही होती. ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा आस्थापनेनं, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं, 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभर हवा तपासणारी केंद्रं उभी केली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, उटी, श्रीनगर, गंगटोक या गावांच्या यादीत नागपूरही होतं. काम दिसायला अगदी साधं. एक पंप हवा ओढतो, त्याच्या तोंडाशी फिल्टर पेपर बसवलेला असतो, ठरलेल्या वेळी तो काढायचा, पाकिटात घालायचा, तारीख लिहायची आणि मोजणीला पाठवायचा. चीनच्या स्फोटांनंतर या कागदांवर ताज्या विखंडनाची धूळ सापडत असे.

अशा कागदाकडे जरा जवळून पाहू. एप्रिल-मे महिन्यात कामठीच्या बाजूला तो चोवीस तास लावला तर करडा-तपकिरी होऊन निघेल. त्यावर रस्त्याची धूळ असेल, शेतातली माती असेल, कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांतून सुटलेली राख असेल. लगेच मोजणीयंत्राखाली धरला तर यंत्र टिकटिक करू लागेल, मग जगात कुठंही बॉम्ब फुटलेला नसो. कारण जमिनीतून सतत रेडॉन वायू बाहेर पडत असतो. त्याच्यापासून तयार होणारे शिसे आणि बिस्मथचे किरणोत्सारी अणू हवेतल्या धुळीला चिकटतात आणि कागदावर येऊन बसतात. म्हणून घाई करायची नाही. रेडॉनच्या या वंशजांची अर्धायुष्यं वीस ते तीस मिनिटांची असतात, त्यामुळे काही तासांत ते संपतात. थोरॉन वायूपासून येणाऱ्या शिशाचं अर्धायुष्य मात्र साडेदहा तासांचं, त्याला तीन दिवस द्यावे लागतात. तीन-चार दिवसांनंतरही यंत्र टिकटिकत राहिलं, तर जो किरणोत्सार उरला तो लक्ष देऊन पाहण्याचा.

जमिनीवरच्या केंद्राची अडचण अशी, की त्याच्याकडे धूळ येते ती उशिरा, विरळ होऊन आणि जुन्या स्फोटांच्या धुळीत मिसळून. धूळ आली एवढं त्याला सांगता येतं. बॉम्ब कधी फुटला, कशाचा होता, किती ताकदीचा होता, आत रचना कशी होती, हे विचारायचं असेल तर धूळ आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहून चालत नाही. वर जाऊन ती पकडावी लागते. त्यासाठी विमान लागतं. हेरगिरीच्या इतिहासात दुर्बिणी, कॅमेरे आणि उपग्रह यांना जो मान मिळाला, तो या विमानांना आणि त्यांच्यावर बसवलेल्या कागदांना मिळाला नाही. माझ्या मते तो त्यांचा हक्क आहे.

आधी धुळीत असतं काय ते पाहू. एक किलोटन ताकदीच्या स्फोटात साधारण 57 ग्रॅम युरेनियम किंवा प्लुटोनियमचं विखंडन होतं. प्रत्येक केंद्रक दोन तुकड्यांत फुटतं आणि हे तुकडे नेहमी सारखेच नसतात. स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, आयोडीन, झेनॉन, सीझियम, बेरियम, सिरियम अशी डझनांनी मूलद्रव्यं आणि त्यांचे शेकडो समस्थानिक एका क्षणात जन्माला येतात. अग्निगोलातली उष्णता इतकी असते की सगळं वाफ होऊन जातं. बॉम्बचं कवच, मनोऱ्याचं पोलाद, खालची माती, काहीच घन राहत नाही. गोळा वर चढतो, थंड होतो आणि वाफेचे थेंब, मग कण बनतात. बॉम्बचा जो भाग फुटलाच नाही ते युरेनियम-प्लुटोनियमसुद्धा याच कणांत बंद होतं.

हे कण सगळे सारखे नसतात. झिर्कोनियम आणि सिरियमसारखी, वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागणारी मूलद्रव्यं आधी गोठतात, त्यामुळे मोठ्या कणांत त्यांचा भरणा जास्त असतो. सीझियम-137 ची गोष्ट निराळी. त्याचा बराचसा भाग आधी झेनॉन-137 या वायूच्या रूपात असतो आणि त्या वायूचं अर्धायुष्य जवळपास चार मिनिटं. तो वायू सीझियम बनेपर्यंत मोठे कण गोठून खाली पडायला लागलेले असतात. म्हणून सीझियम उरतं ते उशिरा बनलेल्या बारीक धुळीच्या अंगावर. ढगाच्या एका कोपऱ्यातून घेतलेला नमुना त्यामुळे संपूर्ण बॉम्बचा नमुना कधीच नसतो. विमानानं ढग कुठं, किती उंचीवर, किती वेळानं छेदला याची नोंद नसेल तर प्रयोगशाळेतलं गणित कोलमडतं. वैमानिकाची वही ही रसायनशास्त्रज्ञाच्या तराजूइतकीच महत्त्वाची असते.

वेळ कसा काढतात? बेरियम-140 चं अर्धायुष्य पावणेतेरा दिवसांचं, मॉलिब्डेनम-99 चं 66 तासांचं, सिरियम-144 चं 285 दिवसांचं. स्फोटाच्या क्षणी हे कोणत्या प्रमाणात जन्मतात ते माहीत असतं. नंतर प्रत्येक जण आपापल्या गतीनं कमी होतो. आज त्यांचं प्रमाण काय आहे हे मोजलं की उलट हिशेबानं जन्माची वेळ निघते. अशा चार-सहा जोड्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली तर सगळे एकाच क्षणी जन्मले, म्हणजे बॉम्बच होता. अणुभट्टीत हेच अणू महिनोन्‌महिने थोडेथोडे तयार होत असतात, त्यांची उत्तरं अशी जुळत नाहीत. भट्टीची आणखी एक खूण म्हणजे सीझियम-134. ते विखंडनातून जवळजवळ येतच नाही, भट्टीत दीर्घकाळ न्यूट्रॉनांचा मारा खाल्ल्यावरच साठतं. एप्रिल 1986 मध्ये स्वीडनमध्ये धूळ सापडली, तेव्हा कुठंतरी बॉम्ब नव्हे तर अणुभट्टी फुटली आहे हे तिच्यातल्या समस्थानिकांनीच सांगितलं. चेर्नोबिलचं नाव सोव्हिएत सरकारनं त्यानंतर घेतलं.

विमानानं हवेतला अणू शोधण्याची कल्पना बॉम्बपेक्षाही आधीची आहे. 1944 मध्ये जर्मनीत अणुभट्टी चालू आहे का, ही धास्ती अमेरिकेला होती. लुई अल्वारेझ या भौतिकशास्त्रज्ञाकडे काम आलं. भट्टीतून सुटणारा झेनॉन-133 हा वायू कशाशीच संयोग करत नाही, पावसानं धुतला जात नाही, आणि त्याचं अर्धायुष्य पाच दिवसांचं असल्यामुळे दूरवर पोचतो. विमानं जर्मनीवरून उडाली, हवा गोळा केली, झेनॉन सापडला नाही. जर्मनीकडे चालती भट्टी नव्हतीच, हे युद्धानंतर खरं ठरलं.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत बहुतेकांची खात्री होती की रशियाला बॉम्ब बनवायला बरीच वर्षं लागतील. अणुऊर्जा आयोगाचे सदस्य लुईस स्ट्रॉस यांना मात्र झोप येत नव्हती. रशियानं बॉम्ब उडवला तर आपल्याला कळणार कसं, हा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर 1947 मध्ये लष्करप्रमुख आयझेनहॉवर यांनी हे काम हवाई दलाकडे सोपवलं. हवामान पाहणाऱ्या बी-29 विमानांच्या पाठीवर पेटीसारखा एक सापळा बसवला गेला. पुढून हवा शिरते, आतल्या फिल्टर पेपरमधून जाते, मागून निघते. जपान ते अलास्का अशा फेऱ्या सुरू झाल्या. कागद परत आणून मोजायचे आणि मिनिटाला 50 च्या वर मोजणी गेली की इशारा द्यायचा, असा नियम. इशारे मिळत होते. एकामागून एक 111 इशारे तपासले गेले आणि ज्वालामुखी, भूकंप किंवा नेहमीचा नैसर्गिक किरणोत्सार म्हणून बाजूला ठेवले गेले.

3 सप्टेंबर 1949 रोजी एक विमान जपानहून अलास्काकडे निघालं, 18,000 फुटांवरून. उतरल्यावर एका कागदाची मोजणी झाली: मिनिटाला 85. दुसऱ्याची 153. हा 112 वा इशारा. पुढचे दिवस विमानं सतत वर होती, शेकडो कागद गोळा झाले. ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं ट्रेसरलॅब या कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथं रसायनशास्त्रज्ञांनी त्यांतून बेरियम, सिरियम, मॉलिब्डेनम वेगळे काढले. नौदलाची माणसं वेगळ्याच वाटेनं त्याच उत्तराकडे निघाली होती. अलास्काजवळच्या कोडियाक बेटावर जमवलेल्या पावसाच्या पाण्यात त्यांना हीच धूळ मिळाली. ब्रिटिश विमानांनीही आपल्या बाजूनं नमुने घेतले. हिशेब आला 29 ऑगस्ट 1949, आणि प्लुटोनियमचा बॉम्ब. कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्क इथं रशियानं त्याच दिवशी पहिला बॉम्ब उडवला होता.

पुरावा तपासायला नेमलेल्या समितीत व्हॅनिव्हर बुश आणि रॉबर्ट ओपेनहायमर होते. त्यांना शंका उरली नाही. याच दिवसांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. 20 सप्टेंबर 1949 च्या आपल्या टिपणात अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए अजून लिहीत होती, की रशियाकडे बॉम्ब येण्याची सर्वांत शक्य तारीख 1953 च्या मध्याला. स्फोट होऊन तीन आठवडे उलटले होते आणि त्याचा पुरावा त्याच देशाच्या प्रयोगशाळेत ठेवलेला होता. 23 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जगाला बातमी सांगितली. मॉस्कोच्या तास या वृत्तसंस्थेनं दोन दिवसांनी खुलासा केला, की आमच्याकडे मोठी बांधकामं चालू आहेत, त्यासाठी सुरुंग लावावे लागतात.

हे दुसऱ्या देशाच्या बॉम्बबद्दल झालं. पण स्वतःच्या बॉम्बचं मोजमाप करायलाही हाच मार्ग होता, आणि तो जास्त धोक्याचा होता, कारण इथं विमान ताज्या ढगात घालायचं असे. आपल्या हवाई दलात 1957 पासून 2007 पर्यंत उडालेलं कॅनबेरा विमान वाचकांना माहीत असेल. त्याच जातीचं एक ब्रिटिश विमान 15 ऑक्टोबर 1953 रोजी ऑस्ट्रेलियात एमू फील्ड इथल्या स्फोटानंतर अवघ्या सहा मिनिटांत ढगातून आरपार गेलं, आत तीन माणसं घेऊन.

त्याआधी वर्षभर, 1 नोव्हेंबर 1952 रोजी, प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक प्रवाळबेटांवर अमेरिकेनं ‘माइक’ ही पहिली मोठी हायड्रोजन चाचणी केली. ताकद 10 मेगाटनांहून अधिक. ज्या बेटावर ते यंत्र होतं ते बेट उरलं नाही. ढगाच्या देठात एफ-84 जातीची एकआसनी जेट विमानं पाठवली गेली. पंखांच्या टोकांवरच्या टाक्यांच्या तोंडाशी फिल्टर पेपर बसवलेले. वैमानिकांच्या अंगावर शिशाचं अस्तर असलेला पेहराव, समोर किरणोत्सार दाखवणारे काटे. किती वेळ आत राहायचं ते या काट्यांवर ठरायचं. विमान परत आलं की वैमानिकानं विमानाच्या अंगाला हात न लावता बाहेर पडायचं, त्यासाठी उचलगाडीचा फळा कॉकपिटपर्यंत वर नेत. लांब दांड्यांच्या चिमट्यांनी कागद काढत आणि शिशाच्या जाड डब्यांत टाकत. डबे घेऊन दुसरं विमान लगेच अमेरिकेकडे निघे, कारण आतले काही अणू तासांच्या हिशेबानं संपत होते.

त्या दिवशी कॅप्टन जिमी रॉबिन्सन ढगात शिरले. वय 28. आत त्यांचं विमान ताब्यातून सुटलं, गिरकी घेत बरंच खाली आलं. त्यांनी ते सावरलं, ढगाबाहेर काढलं, पण मार्गदर्शक संकेत पकडता येईना आणि इंधन संपत आलं. धावपट्टी काही किलोमीटरवर असताना विमान समुद्रात कोसळलं. रॉबिन्सन यांचा देह कधीच मिळाला नाही.

जी विमानं परतली, त्यांच्या कागदांवर तोवर कुणीही न पाहिलेलं काहीतरी होतं. स्फोटात न्यूट्रॉनांची इतकी दाटी झाली होती की युरेनियम-238 च्या काही केंद्रकांनी एका क्षणात पंधरा-सतरा न्यूट्रॉन गिळले होते. ती केंद्रकं मग एकेक पायरी चढत नव्या मूलद्रव्यांत बदलली. बर्कलीच्या अल्बर्ट घिओर्सो आणि सहकाऱ्यांनी कागदावरची धूळ विरघळवून वेगळी केली तेव्हा त्यांना 99 क्रमांकाचं मूलद्रव्य मिळालं, तेही सुमारे दोनशे अणू. पुढे त्या बेटांवरची किरणोत्सारी प्रवाळमाती मोठ्या प्रमाणावर आणून त्यातून 100 वं मूलद्रव्यही काढलं. गुप्ततेमुळे त्यांची नावं 1955 पर्यंत जाहीर झाली नाहीत. आज शाळेतल्या आवर्तसारणीत ती आइन्स्टाइनियम आणि फर्मियम म्हणून छापलेली असतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्या दोन चौकोनांपाशी रॉबिन्सन यांचं नाव एकदा घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

नमुना नेहमी विमानानंच आणावा लागतो असंही नाही. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी बेटावरच्या 15 मेगाटनांच्या स्फोटाची राख ‘लकी ड्रॅगन’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि नौकेबरोबर जपानला पोचली. जपानी शास्त्रज्ञांना त्या राखेत युरेनियम-237 सापडलं. अतिवेगवान न्यूट्रॉन साध्या युरेनियमवर आदळले तरच ते बनतं. ही माहिती हातात आल्यावर भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट यांनी लंडनमध्ये बसून ओळखलं, की या बॉम्बला बाहेरून साध्या युरेनियमचं वेष्टन होतं आणि स्फोटाची मोठी ताकद, तशीच मोठी घाण, त्या वेष्टनाच्या विखंडनातून आली होती. अमेरिकेनं लपवलेली रचना मूठभर राखेनं उघड केली.

या स्फोटाचे पडसाद दिल्लीत आणि मुंबईतही उमटले. 2 एप्रिल 1954 रोजी नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं. 1956 मध्ये भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावर एक पुस्तक काढलं. भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी यांनी ते तयार केलं आणि त्यांच्यासोबत होमी भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. खानोलकर हे मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक, विकृतिशास्त्रातलं फार मोठं मराठी नाव. किरणोत्साराचे परिणाम तपासायला संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्ये वैज्ञानिक समिती नेमली, तिच्यात भारताच्या वतीनं तेच बसत. स्वतः बॉम्ब न बनवलेल्या देशानं बॉम्बच्या धुळीबद्दल सामान्य वाचकासाठी असं पुस्तक त्या काळात काढावं, याचा मला अभिमान वाटतो.

नागपुरात 1957 मध्ये केंद्र सरकारनं आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली, तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. आण्विक आणि किरणोत्सारी आपत्तीत काय करायचं हे तिथं शिकवत असत. नागपुरात हा विषय शिकणाऱ्यांना एक गोष्ट दाखवता येण्यासारखी आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको. 1950-60 च्या दशकांत हवेत झालेल्या चाचण्यांचं सीझियम-137 पावसाबरोबर विदर्भाच्या मातीतही उतरलं. त्याचं अर्धायुष्य 30 वर्षांचं, म्हणजे 1963 च्या आसपास जे पडलं त्याचा चौथा हिस्सा आजही शिल्लक आहे. प्रमाण इतकं कमी की आरोग्याला त्याची भीती नाही, पण चांगल्या यंत्राला ते दिसतं. शोधायचं तर न नांगरलेली जमीन हवी. कामठीला 1821 पासून लष्करी छावणी आहे, आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथं आहे. अशा जुन्या मैदानांची माती या मोजमापाला शेतापेक्षा बरी. तरी आपल्या काळ्या मातीची एक खोड आड येते. उन्हाळ्यात ती भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात फुगून सगळं घुसळलं जातं. त्यामुळे सीझियम वरच्या थरातच नेटकं बसलेलं मिळत नाही, खालीही उतरतं. चाचण्यांनी हवेतलं कार्बन-14 देखील जवळपास दुप्पट केलं होतं. ठाणे जिल्ह्यातल्या सागाच्या वर्षवलयांत त्या वाढीची नोंद संशोधकांनी मोजलेली आहे.

आता 1964 कडे. चीनचा बॉम्ब प्लुटोनियमचा असणार अशी अमेरिकी जाणकारांची अटकळ होती, कारण प्लुटोनियमची वाट तुलनेनं सोपी. विमानांनी आणलेल्या धुळीत निघालं युरेनियम-235. याचा अर्थ चीननं युरेनियम समृद्ध करण्याचं अवघड तंत्र हस्तगत केलं होतं, आणि उपग्रहांची छायाचित्रं पाहणाऱ्यांना ते नीट उमगलं नव्हतं. एका धूलिकणानं आशियाच्या राजकारणाचा अंदाज बदलला.

ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार केला होता. सह्यांसाठी तो खुला होताच भारतानं त्यावर सही केली. चीन आणि फ्रान्स बाहेर राहिले. चीनची हवेतली शेवटची चाचणी झाली 16 ऑक्टोबर 1980 रोजी, पहिलीनंतर बरोबर सोळा वर्षांनी. त्यानंतर कोणत्याही देशानं हवेत बॉम्ब उडवलेला नाही.

स्फोट जमिनीखाली गेले आणि विमानांचं काम फार अवघड झालं. 18 मे 1974 रोजी पोखरणला आपण केलेली चाचणी 107 मीटर खोल होती. 1998 च्या मे महिन्यातल्या चाचण्याही भूगर्भातच झाल्या. नीट बुजवलेल्या विवरातून धूळ वर येत नाही. येतात ते वायू, तेही झिरपत: झेनॉन आणि क्रिप्टॉन. त्यामुळे अमेरिकेच्या डब्ल्यूसी-135 या आजच्या नमुना-विमानात दोन व्यवस्था असतात. धुळीसाठी फिल्टर पेपर, आणि वायूसाठी हवा दाबून गोलाकार टाक्यांत भरणारा संपीडक. 9 ऑक्टोबर 2006 रोजी उत्तर कोरियानं पहिली चाचणी केली. 11 तारखेला घेतलेल्या नमुन्यात किरणोत्सार सापडला आणि 16 तारखेला अमेरिकेनं तसं जाहीर केलं. 2009 च्या दुसऱ्या चाचणीनंतर मात्र कुणालाच काही मिळालं नाही. फेब्रुवारी 2013 च्या तिसऱ्या चाचणीचा झेनॉन जपानमधल्या ताकासाकी इथल्या जमिनीवरच्या केंद्राला मिळाला, तब्बल 55 दिवसांनी. 

नमुना मिळणं आणि नमुन्यावर विश्वास बसणं यांतही अंतर असतं. 30 मे 1998 च्या पाकिस्तानच्या चाचणीनंतर अमेरिकी विमानानं आणलेल्या हवेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेला प्लुटोनियम आढळल्याची बातमी जानेवारी 1999 मध्ये आली. लिव्हरमोर या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ती मानली नाही. नमुना प्रयोगशाळेतच दूषित झाला असावा असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाद सर्वांना पटेल असा मिटला नाही. कधी तर नमुनाच हाती येत नाही. 22 सप्टेंबर 1979 रोजी अमेरिकी उपग्रहानं दक्षिण हिंदी महासागरावर अणुस्फोटासारखी दुहेरी चमक टिपली होती. विमानं दिवसेंदिवस फिरली, हाती धूळ आली नाही, आणि त्या चमकेबद्दल आजही एकमत नाही.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपभरच्या हवा तपासणी केंद्रांच्या फिल्टर पेपरांवर एकाएकी रुथेनियम-106 दिसलं. सोबत सीझियम नव्हतं, आयोडीन नव्हतं. बॉम्ब असता तर सगळी जत्रा आली असती, भट्टी फुटली असती तरी तेच. केवळ रुथेनियम सुटतं ते वापरलेलं अणुइंधन रसायनांत विरघळवून त्याच्यावर पुनर्प्रक्रिया करताना. वाऱ्यांचा मागोवा उलटा घेत संशोधक दक्षिण उरल पर्वतापर्यंत पोचले आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांच्या मोजमापांवर उभ्या असलेल्या अभ्यासानं तिथल्या मायाक या कारखान्याकडे बोट दाखवलं. रशियानं तो आरोप फेटाळला आहे. कागदांवरचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत, ज्याला ताडून पाहायचे त्यानं पाहावेत.